एकाच टेबलाचा पत्ता पाठ

उमरखेड, १८ एप्रिल २००७

प्रिय मित्र जीवन यास,

जफरचा सलाम आणि तुझ्या याडीचा आशीर्वाद. (आई तुझी असली तरी तीन वर्षं तू तांड्याकडे फिरकला नाहीस आणि तिच्या हातच्या भाकरी मीच खातो, तेव्हा तिला याडी म्हणण्याचा हक्क आता माझाही आहे.) पुण्याचं पाणी मानवतंय ना? इकडे मी ठणठणीत, दुकान मात्र भारनियमनामुळे अर्धा दिवस झोपलेलं. कापसानं यंदाही दगा दिला, त्यामुळे फुलसावंगीजवळचा तुमचा अख्खा तांडा नाल्यावरच्या बंधाऱ्याकडे डोळे लावून बसला आहे. आणि तो बंधारा तुझ्यापायी अडला आहे.

कॉलेजात असताना तू नकाशांचा प्रोग्रॅम केलास आणि तांड्याच्या विहिरी, नाले, शेतं आपण दोघांनी उन्हात फिरून त्यात भरली, ते आठवत असेल. बंधाऱ्याची जागा ठरवणारे विठ्ठलराव साहेब म्हणाले, नकाशा दाखवा. मी सीडी घेऊन गेलो. प्रोग्रॅम मोठ्या थाटात उघडला आणि पांढराशुभ्र पडदा दाखवून थांबला. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण तेवढा होता. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "उत्तर कुठं आहे ते मले ठाऊक आहे. तांडा कुठं आहे?"

दोष शोधत गेलो तर तू सापडलास. नकाशाच्या फायली कुठे आहेत ते तू प्रोग्रॅमच्या पोटातच कोरून ठेवलंस: डी ड्राइव्ह, त्यात 'जीवन' फोल्डर, त्यात 'तांडा'. तुझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरशिवाय जगात दुसरा कॉम्प्युटर असेल, ही शंकाही तुला आली नाही.

मग मी अक्कल चालवली. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुझ्या नावाचा फोल्डर आहेच, म्हणून अख्खा कॉम्प्युटरच जीपमध्ये घातला. मॉनिटर तांड्यातल्या रुपीबाईच्या मांडीवर, आणि तिच्या कोंबड्यांची टोपली माझ्या. (कोंबड्यांनी शर्टावर काय काढलं ते सांगत नाही, पण तुझ्या नकाशापेक्षा ते जास्त स्पष्ट होतं.) कार्यालयात पोचून सगळ्या वायरी जोडल्या आणि लाइट गेली. तिसऱ्या खेपेला कार्यालयाच्याच कॉम्प्युटरवर 'जीवन' फोल्डर करू लागलो, तर साहेबांनी माझा हात धरला. सरकारी कॉम्प्युटरात खासगी माणसाचं नाव चालत नाही म्हणे.

तांड्यात जाऊन तोंड पाडून बसलो. याडी म्हणाली, "काहून रडून राह्यला?" मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माही आजी सांगे, बैलांवर मीठ लादून तांडा फिरे तवा रोज नवं गाव राहे. पण कुठंबी उतरले तं आधी तांड्याच्या नायकाचं पाल ठोकत. आमचं पाल त्याच्या डाव्या हाताले तिसरं. आंधळी म्हातारी बी बरोबर घरी येये. आमचं घर अजूनबी तिथंच आहे, डाव्या हाताले तिसरं."

जीवन, हाच उपाय आहे. प्रोग्रॅमशेजारी एक छोटी फाइल ठेवायची, तिच्यात एकच ओळ: नायकाचं पाल, म्हणजे मुख्य फोल्डर, कुठे पडलं आहे. बाकी सगळ्या फायली तिथून मोजायच्या. कॉम्प्युटर बदलला की ती ओळ बदलायची, प्रोग्रॅमला हातही लावायचा नाही. या शोधावर मी इतका खूश आहे की दुकानाच्या पाटीवर 'नकाशे फिरते करून मिळतील' असं लिहून घेतलं आहे.

तुझा, कोंबड्या सांभाळणारा मित्र,
जफर

ता. क. : वरचा शोध अजून कागदावरच आहे. प्रोग्रॅम मला नुसता चालवता येतो, आतून बदलता येत नाही, ते तूच करू जाणे. बैठक सोमवारी, तीस तारखेला आहे. त्या दिवशी तांडा पडद्यावर दिसला नाही तर बंधारा शेजारच्या गावाला जाईल. तेवढं बदलून दे बाबा, मी हात जोडतो.

आणखी एक ता. क. : सीडी कुरिअरनं पाठवू नकोस. वाटेत सीडी फुटते म्हणून जीवन स्वतःच घेऊन येतो आहे, असं मी याडीला सांगून बसलो आहे. कालपासून ती डाव्या हाताचं तिसरं घर सारवते आहे.