गुडघा घेऊन यावे

सक्करदरा, नागपूर
मार्गशीर्ष, सन १९८६

श्रीमान रुपरावजी यांस,

मधुकरचा रामराम पोचावा. आपण, वहिनी आणि बागेतली संत्र्याची झाडे, या क्रमाने किंवा उलट क्रमाने, सर्व खुशाल असतील अशी आशा आहे. इकडे आम्हीही ठीक म्हणण्याजोगे आहोत. (मला दिवाळीपासून किंचित खोकला आहे, पण तो ऋतुमानाचा, त्याचा विचार करू नये.) आपल्या गुडघ्याचे काय? बंडीवरून पडल्याला वर्ष होत आले, आणि आपण अजून तिळाचे तेलच चोळता असे मागच्या खेपेला काटोलहून आलेल्या माणसाने सांगितले. आपण चालताना बंडीचेच चाक कुरकुरल्यासारखे वाटते, हेही तो म्हणाला. पण गुडघ्याकडे मी नंतर येतो. आधी आपल्या बहिणीच्या हाताची हकीकत, कारण हे पत्र त्यासाठीच आहे.

गोपिका पंधरवड्यापूर्वी मोरीत पाय घसरून पडली आणि डावे मनगट सुजले. तिने हळद लावून फडके बांधले. सूज उतरेना, तेव्हा सूनबाई प्रेमिलेने डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, आधी क्ष-किरणांचा फोटो काढा. हाड मोडले असेल आणि तसेच जुळले तर हात जन्माचा वाकडा राहील. गोपिका म्हणाली, फोटो काढायचा नाही. आपण तिला ओळखता. तिच्या नाहीचे हाड आजवर कोणाला बसवता आलेले नाही.

आता तिला ही भीती कशी बसली, ते सांगणे आले. उन्हाळ्यात रशियातली अणुभट्टी फुटल्याची ती बातमी छापून आली, तेव्हापासून आमच्या आळीने किरण या शब्दाचा धसकाच घेतला आहे. माझ्या लहानपणी किरण म्हणजे केवढी गोड गोष्ट होती! काटोलच्या शाळेत खिडकीतून सकाळचे ऊन पाटीवर पडायचे, गुरुजी कवितेला चाल लावून द्यायचे आणि आम्ही सगळे मिळून म्हणायचो. तुम्ही दुसऱ्या बाकावर बसून चिंचा खात असायचा, तेही आठवते. त्या भरात मी गोपिकेला समजावले की हे किरण म्हणजे चांदणेच, जाईच्या पाकळीतून जावे तसे हळुवार देहातून आरपार जातात. ती म्हणाली, "म्हंजे लुगड्यातूनई दिसत असन!" आणि आत निघून गेली. तेव्हापासून फोटो हा विषय बंद.

याच सुमारास आमच्या वाचनालयाने एक सभा ठरवली. मुंबईहून अणुशास्त्र जाणणारे एक डॉक्टर केशव म्हणून येणार होते, आणि इथल्याच दवाखान्यात क्ष-किरणांचे काम पाहणाऱ्या डॉक्टर चारुलताबाई. लोकांनी किरणांविषयी काय वाटेल ते विचारावे, तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, असा बेत. शंका आधी चिठ्ठीवर लिहून घ्यायच्या म्हणून वाचनालयाच्या दाराशी तुपाचा रिकामा डबा ठेवला होता. (चिठ्ठ्यांना शेवटपर्यंत तुपाचा वास येत होता. पोस्टमनने डब्यात वाचनालयाची दोन पत्रेही टाकली.) त्या चिठ्ठ्या नीटनेटक्या करून सभेत वाचण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले. जन्मभर भूमापन कचेरीत नकाशे रंगवले, अक्षर वळणदार आहे, आवाज बरा आहे, म्हणून. मी मनात म्हटले, गोपिकेची शंकाही यात घालू. माझे ऐकत नाही, मुंबईच्या माणसाचे तरी ऐकेल.

चिठ्ठ्या घरी आणून उघडल्या आणि माझे मन खट्टू झाले. काय ती भाषा! एवढा विद्वान आगगाडीत बसून येणार आणि आपण त्याला विचारणार, 'टीव्हीजवळ पोरं बसली तर चालते का'? कोराडीहून चंद्रभान नावाचा एक फिटर आमच्या शेजारी बहिणीकडे येत असतो. त्याने लिहिले होते, 'विजेच्या कारखान्याची राख आमच्या वायत घातलेल्या मिरच्यांवर पडते, त्यात किरण आहेत काय, मिरच्या खाव्या की फेकाव्या?' मी दोन दिवस बसून सगळ्या शंका कवितेत घातल्या. नागपूरची लाज राखायला कोणीतरी हवे होते. चंद्रभानाच्या मिरच्यांचे मी असे केले:

धूसर रक्षा नभी तरंगुन वसनांवरती येते,
सांगा ज्ञानी, तिच्या अंतरी तेज कुणाचे लपते?

(मिरच्या वृत्तात बसेनात, म्हणून वसने घेतली. वाळत तीही घालतातच.) गोपिकेला विचारले की तुझी नेमकी शंका काय, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो फोटोवाला बटन दाबताना स्वतः भिंतीमागं काहून पयते, थे इच्यार." तिने हे शेजारच्या बाईचा फोटो काढताना पाहिले होते. त्यावर मी लिहिले:

ज्या किरणांच्या भये धावतो भिंतीआड पुजारी,
त्या किरणांच्या पुढे कशाला हात धरू मी नारी?

खरे सांगतो, हे लिहून झाल्यावर माझे मलाच भरून आले. गुरुजी असते तर त्यांनी डोळे मिटून मान डोलावली असती.

सभेला गर्दी चिक्कार. गोपिका हात फडक्यात अडकवून बायकांत पहिल्या रांगेत. मी उभा राहिलो, घसा साफ केला (त्याला थोडा वेळ लागला; ऋतुमान) आणि राखेची शंका चालीवर म्हटली. डॉक्टर केशव सरसावून बसले. पांढरे केस, जाड चष्मा. डोळ्यांत पाणी आल्यासारखे झाले. मला वाटले, आता राखेवर उत्तर येणार. ते म्हणाले, "वा! ही चाल मी साताऱ्याच्या शाळेत शिकलो होतो हो!" टाळ्या पडल्या. मग टीव्हीची शंका म्हटली. त्यालाही टाळ्या. मग मी गोपिकेची म्हटली. तिच्यावर तर बायकांनीही टाळ्या वाजवल्या, आणि डॉक्टर केशव उभे राहून म्हणाले की देवळातल्या पुजाऱ्यांपुढे स्त्रीजातीची जी स्थिती आहे तिचे इतके थोड्या शब्दांत वर्णन त्यांनी क्वचितच ऐकले. रुपरावजी, टाळ्या मिळाल्या, पण उत्तर एकाचेही मिळाले नाही, हे माझ्या त्या वेळी ध्यानातच आले नाही. कसे येणार? डॉक्टरांनी मला विचारले, चौथीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती, आठवते का? नदीची! मी पहिली ओळ म्हटली, त्यांनी दुसरी. तिसरे कडवे दोघांनाही आठवेना, तर अध्यक्ष वामनराव (यांना एरवी सभेत झोप लागते) यांनी ते खुर्चीतून म्हणून दाखवले. तिघे म्हातारे मंचावर चालीत म्हणत आहोत, मी हाताने ताल देतो आहे. जणू पुन्हा पाटीवर ऊन पडले. किती वेळ गेला कोण जाणे.

तेवढ्यात मागून चंद्रभान ओरडला, "ओ काका, माह्या मिरच्यायचं काय झालं गा?" मी म्हटले, तुमची शंका पहिलीच होती. तो म्हणाला, "त्यात मिरची कुठी होती? म्या तं समजलो भजन चालू हाय!" लोक हसले. आणि त्या हशात आपली भगिनी उठून उभी राहिली. आपल्या घरातली बाई, चारशे माणसांत! तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सुजलेला हात वर करून ती सरळ चारुलताबाईंना म्हणाली, "बाई, कविता राहू द्या. मले हा हात दाखवाचा हाय. फोटो काढनारा भिंतीमागं लपते अन् मले म्हनते हालू नका. थो काहून लपते, अन् म्या काहून नाही लपाचं?"

चारुलताबाई मंचावरून खाली उतरल्या, तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, लग्नात तुम्ही एक लाडू खाल्ला तर काही होतं का? पण आचाऱ्यानं प्रत्येक लग्नात, प्रत्येक घाण्यातला एकेक चाखला तर? तुमचा फोटो एकदाच. तो मुलगा दिवसभर, वर्षानुवर्षं फोटो काढतो. म्हणून तो भिंतीमागे." मग त्यांनी सांगितले की हाताच्या फोटोला लागणारे किरण अगदी थोडे, माती आणि आभाळ यांच्याकडून आपल्याला एका दिवसात सहज मिळतात तेवढेही नाहीत, आणि ते अंगात साठून राहत नाहीत. दिवा मालवला की उजेड खोलीत उरत नाही, तसे. आणि लुगडे काही दिसत नाही, हाडच दिसते. (गोपिकेने तेही विचारले. बायका फिदीफिदी हसल्या, पण त्यांनाही तेच हवे होते.) पोटुशी बाई असेल तर तिने मात्र आधी सांगावे, असेही त्या म्हणाल्या. मिरच्यांचे उत्तरही त्यांनीच दिले: मातीत असतो तसा किरणांचा अंश राखेतही असतो, त्याची धास्ती नको, पण धूळ छातीला वाईट, मिरच्या झाकून वाळवा आणि धुऊन घ्या. चंद्रभान म्हणाला, "एवढंच होतं तं पयलेच सांगाचं ना!" आणि खाली बसला. बोलताना बाई मधूनमधून माझ्याकडे का पाहत होत्या, कळले नाही. कदाचित चाल आवडली असेल.

आपण म्हणाल, संपले. नाही संपले. घरी येताना रिक्षात गोपिका म्हणाली, उत्तर पटले, फोटो काढीन. मी आनंदाने नदीची कविता पुन्हा सुरू केली, तोच ती म्हणाली, पण एक अट आहे. तिच्या माहेरची रीत आपल्याला ठाऊकच आहे: नवी ज्वारी आली की पहिला घास मोठ्या भावाने खायचा, मग बाकीच्यांनी तोंडाला लावायची. ती म्हणते, हे यंत्रही माझ्यासाठी नवेच; घरात अजून कोणी त्याच्यापुढे बसले नाही. मग भावाच्या आधी मी कशी बसू? मी म्हटले, वेडे, मी बसतो की आधी. पण चारुलताबाईंनी सभेत स्पष्टच सांगितले होते, कारणावाचून कोणाचाही फोटो काढू नये. मला तर काहीच कारण नाही. मी असे म्हणालो तेव्हा गोपिका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. (मला तेव्हा नेमकी उबळ आली होती.)

असा सगळा प्रकार. तूर्त इतकेच. वहिनींना रामराम, मुलांना आशीर्वाद, आणि बागेला माझ्याकडून एक लांबलचक नजर.

आपला,
मधुकर

ता. क. — मुख्य गोष्ट राहिली. आपल्याला गुडघ्याचे कारण आहे. तेव्हा कृपा करून येत्या गुरुवारी गुडघा घेऊन यावे. आपण यंत्रापुढे आधी बसायचे, मग गोपिका बसेल. हात जन्माचा वाकडा होण्याची वेळ आहे. बागेची सबब सांगू नये. आपण शाळेत असताना विहिरीत उडी मारायलाही घाबरत नव्हता.

दुसरा ता. क. — खाली गोपिका दोन ओळी लिहील. तिचा उजवा हात शाबूत आहे. बहीण-भावाच्या मजकुरात डोकावू नये म्हणून मी न वाचताच पाकीट चिकटवणार आहे.

भाऊ,

नमस्कार. माहा हात बरा हाय. सोमवारी हे वाचनालयात हेच पत्र लिहत बसले होते, तवा प्रेमिलाले घेऊन गेली अन् फोटो काढून आली. हाड मोडलं नाही, मुरगयलं होतं. हयदीचं फडकं जाऊन दवाखान्याची पांढरी पट्टी आली, थेही यायच्या ध्यानात आलं नाही. म्हने, आज तुह्या हातावर चांदनं पडलं.

नव्याची अट म्या मुद्दाम काढली. सभा झाल्यावर डाक्टरीनबाईनं मले बाजूले घेतलं अन् म्हने, मावशी, तुमचा हात होईन बरा, पन तुमच्या मालकाचा खोकला मले पसंत नाही, त्यायच्या छातीचा फोटो काढा. मले तवापासून घास गोड लागत नाही. म्या इच्यारलं तं हे म्हनतेत ऋतुमान. खरं म्हंजे यायलेच भेव लागते. माह्यासाठी दवाखान्यात येतीन, सोतासाठी येनार नाहीत.

म्हनून तू येजो. पयले तुहा गुडघा, मंग यायची छाती. तू बसला तं यायले नाही म्हनता येनार नाही. माह्या हाताचं बोलू नको. रस्त्यानं कविता म्हनू देजो, टोकू नको. छातीच्या फोटोले दम रोखून उभं राहा लागते म्हने. लगन झाल्यापासून तेवढीच घडीभर चूप राहतीन. म्या भिंतीमागं उभी राहीन.

तुही,
गोपिका