कोल्ह्याचा सोमवार

लॉस एंजेलिस, ८ मार्च १९३९

ती. हल्डामावशीस,
आर्डिथचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मफलर दोन्ही पोचले. इथे मार्चात मफलर घालून निघाले तर लोक वळून वळून बघतील, म्हणून तो उशीखाली ठेवलाय. काम तेच चालू आहे. पुरुष पेन्सिलीने कार्टूनपटांची चित्रं काढतात आणि आम्ही चाळीस बायका ती पारदर्शक तावांवर शाईने गिरवतो. जूनअखेरपर्यंत गिरवण्यातून सुटले नाही तर परत येईन, हा शब्द मी विसरलेले नाही.

पण एक गोष्ट घडली आहे. आमच्याकडे कथाविभागाच्या दाराशी एक पेटी असते. कुणालाही गंमत सुचली की चिठ्ठीवर लिहून तीत टाकायची, आणि दर शुक्रवारी आमचे दिग्दर्शक मि. स्टॅनहोप त्या वाचतात. मी तुझी गोष्ट टाकली. लहानपणी धुण्याच्या टबाशी मला बसवून ठेवायला तू सांगायचीस ती. मालकीण गावाला गेलेली पाहून कोल्हा तिचा एप्रन बांधून खुराड्याशी येतो. ऑगस्टा कोंबडी त्याला पक्की ओळखते, तरी बाईसाहेब, बरं झालं आलात, असं म्हणून आठवडाभर घरकामाला जुंपते. चिठ्ठीच्या शेवटी मी एवढंच लिहिलं की मग सोमवार उजाडतो आणि कोल्हा पळून जातो.

काल जिन्यात उभी असताना ऐकलं. कथाविभागाचे मि. प्रूइट हीच गोष्ट मि. स्टॅनहोपना सांगत होते, स्वतःची म्हणून. माझ्या चिठ्ठीचा पत्ता नाही. मी ती टाकली हे फक्त माझ्या खोलीत राहणाऱ्या आणि माझ्याच शेजारी बसून गिरवणाऱ्या बर्नडीनला माहीत होतं. मला रात्रभर झोप नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आर्डिथ


प्लम क्रीक, नेब्रास्का, १५ मार्च १९३९

चि. आर्डिथ हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायला सहा दिवस लागले. पोस्टमन वाचून आणत असावा, कारण देताना तो माझ्या तोंडाकडे फार बघत होता.

त्या बर्नडीनचं मला पहिल्यापासून बरं वाटत नाही. तूच मागे लिहिलं होतंस की तिने ऑगस्टाबद्दल तीनतीनदा विचारलं. शहरात वाढलेली मुलगी कोंबड्यांची एवढी चौकशी कशाला करेल? नक्की पाणी मुरतंय. बावीस वर्षं मी थिएटरच्या तिकीटखिडकीत बसते आहे. येणाऱ्याचा चेहरा बघूनच मला कळतं, हा आत गेला की मागचं दार उघडून मित्राला घेणार. आजपासून तुझे कागद कुलुपात ठेव आणि तिच्यासमोर झोपेतसुद्धा बोलू नकोस.

आणि राग येणार असेल तर येऊ दे, मला थोडा तुझाही संशय आहे. जूनचा शब्द विसरले नाही, असं न विचारता लिहिणारी माणसं तो विसरायच्याच बेतात असतात.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी मावशी


लॉस एंजेलिस, २ एप्रिल १९३९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडावर पडले. कागद कुलुपात ठेवले, पण तुझं पत्र टेबलावर विसरले. बर्नडीनने आवरताना ते वाचलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दुधाची बाटलीसुद्धा तिने वेगळी आणली आणि वर आपलं नाव चिकटवलं.

तिसऱ्या दिवशी ट्रॅममध्ये तीच बोलली. तिचं बालपण पिट्सबर्गमध्ये चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेलं. जिवंत कोंबडी तिने आजवर पाहिलेली नाही, म्हणून ती ऑगस्टाचं विचारायची. मग ती म्हणाली की मि. प्रूइट दर गुरुवारी संध्याकाळी पेटी उघडून हवं ते खिशात घालतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. मला सांगणारच होती, पण तिच्यावर संशय घेणारीला कशाला सांगायचं, असं तिला वाटलं. मावशी, मला फार लाज वाटली.

आता चोर कळला, पण पुरावा काय? गिरवणाऱ्या मुलीने कथाविभागातल्या माणसाला चोर म्हटलं तर त्याच दिवशी माझी गठडी बांधली जाईल. गप्प बसले तर जूनमध्ये तरी बांधायचीच आहे.

तुझा हात डोक्यावर असू दे.
आर्डिथ


प्लम क्रीक, १० एप्रिल १९३९

चि. आर्डिथ हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत प्लमच्या मुरांब्याची बरणी पाठवते आहे. अर्धी बर्नडीनची. म्हातारीचं चुकलं असं तिला सांग, पण फार गोड शब्दांत सांगू नकोस.

आणि तू माझीच गोष्ट विसरलीस का? ऑगस्टा कोल्ह्याला चोर म्हणाली होती का? एप्रन बांधलास ना, मग तूच बाईसाहेब, असं म्हणून तिने त्याला कामाला लावलं. तुझा तो प्रूइट म्हणतो ना गोष्ट त्याची? असू दे त्याची. सगळ्यांच्या देखत त्याला फार आदराने विचार, सोमवारी कोल्हा काय करतो आणि मंगळवारी काय. ज्याने जन्मात टबात हात घातला नाही त्याची डाळ फार वेळ शिजत नाही.

तुझ्या खोलीला पांढरा रंग दिलाय. पलंगाचा कुरकुरणारा पायही ठोकून घेतला. जूनपर्यंत वास जाईल.

तुझी मावशी


लॉस एंजेलिस, २८ मे १९३९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी मि. प्रूइटनी गोष्टीची चित्रं ओळीने फळ्यावर लावली आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या स्टुडिओला बघायला बोलावलं. आम्ही बायका मागे उभ्या होतो. मी हात वर केला. मी म्हटलं, गोष्ट इतकी छान जमली आहे, पण कोल्हा सोमवारीच का पळतो ते माझ्या डोक्यात शिरत नाही, तेवढं समजावून सांगाल का. ते हसून म्हणाले की कोंबडा आरवतो आणि कोल्हा दचकतो, त्यात समजावायचं काय.

मग मी तुझ्या सांगण्याप्रमाणे एकेक वार विचारत गेले. त्यांनी सोमवारी पाव भाजायला घेतले होते. धुणं शनिवारी. आणि मावशी, रविवारी, ज्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो, चर्चची घंटा वाजते आहे आणि अंगणात दोरीवर कपडे वाळताहेत. आधी बर्नडीन हसली, मग चाळीस जणी.

मि. स्टॅनहोप हसले नाहीत. त्यांची आई आयोवात लोकांचे कपडे धुवायची. त्यांनी मि. प्रूइटना विचारलं की तुमच्या घरी सोमवारी काय असायचं. ते म्हणाले की कपडे धुवायला बाहेर जायचे, सोमवारी विशेष काही नसायचं. मग मि. स्टॅनहोपनी आमच्याकडे बघून तेच विचारलं, आणि सगळ्या एकदम म्हणाल्या, धुणं.

त्यांनी मला पुढे बोलावलं. मी सांगितलं की सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी रफू, गुरुवारी लोणी, शुक्रवारी झाडलोट, शनिवारी भट्टी, एवढं सगळं कोल्हा कसाबसा निभावतो. रविवारी चर्चच्या बाकावर त्याला बसायला मिळतं. सुटलो एकदाचे, असं वाटून त्याचे डोळे भरून येतात. आणि पहाटे त्याला टब ओढल्याचा आवाज ऐकू येतो. ऑगस्टा टब ओढते आहे. तेव्हा त्याला कळतं की हे संपतच नसतं. मि. स्टॅनहोपनी चष्मा काढून डोळे पुसले आणि गोष्ट कुणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या मावशीची.

उद्यापासून कथाविभागात मला टेबल आहे आणि पेन्सिल आहे. मि. प्रूइट समोरच बसतात. जूनचं कसं लिहावं ते मला कळत नाही. तूच समजून घे.

तुझी, खरोखर तुझीच,
आर्डिथ


प्लम क्रीक, २० नोव्हेंबर १९३९

चि. आर्डिथ हिस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझा कोल्हा आमच्या गावी आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा खिडकी बंद करून मी आत जाऊन बसले. कोण फुकट शिरलं असेल ते शिरलं असेल. गोष्ट बिघडवली असणार अशी माझी खात्री होती, पण नाही बिघडवली. टबाच्या आवाजाला सगळ्या बायका एकदम हसल्या. पुरुष मागाहून हसले, बायकांकडे बघून. तुझं नाव पडद्यावर नाही, प्रूइटचं आहे. मी दोनदा बसून खात्री केली. त्याच्यावर नजर ठेव.

आता एक कबूल करते. एप्रिलमधलं ते पत्र घेऊन मी दोनदा पोस्टापर्यंत गेले आणि दोनदा घरी परत आले. युक्ती चालणार हे मला ठाऊक होतं, आणि ती चालली की तू येणार नाहीस हेही. तिसऱ्यांदा मात्र टाकलं. तुझं परत येणं मीच माझ्या हाताने थांबवलं आहे, तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या खोलीत आता कोंबडीची पिल्लं ठेवली आहेत, तिथे ऊब चांगली राहते. पलंग मोडीत काढलेला नाही, भिंतीशी उभा करून ठेवलाय. मफलर तिथे लागत नसेल तर परत पाठव, इथे थंडी पडली आहे.

आज सोमवार. पहाटे टब एकटीने ओढला. आवाज तोच येतो, पळायला मात्र घरात कुणी नाही.

संशय सोडला आहे, माया सोडलेली नाही.
तुझी हल्डामावशी