सासूबाईंचं ‘ॲडजस्ट’

नागाव, रविवार संध्याकाळ

आमच्या होमस्टेत ‘ॲडजस्ट’ हा शब्द सासूबाईंचा. आमटी खारट झाली, ॲडजस्ट कर. पाहुणे जास्त आले, त्यांना तुमची खोली द्या, तुम्ही पडवीत ॲडजस्ट व्हा. लग्न झाल्यापासून होतेच आहे.

आजही सांगितल्यापेक्षा जास्त माणसं उतरली. उद्या शाळेतल्या नोकरीचा माझा पहिला दिवस, आणि मी गादी गुंडाळायला घेतली. बोलायला हवं होतं का? धीरच होईना.

तेवढ्यात सासूबाई दारात. “ठेव गो ती गादी. उद्या पोरांसमोर डुलक्या काढशील. माझी खोली देते त्यांना, मी करते ॲडजस्ट.”

आणि स्वतःची गादी उचलून पडवीत गेल्यासुद्धा. कंबर दुखते त्यांची, तरी.

अर्धी गुंडाळलेली गादी मी परत पसरली. वेडी कुठली मी, एवढं बोलायला घाबरत होते!