बरे झालेल्यांची आळी

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण आठवीपर्यंत, काम रुग्णालयाच्या साहित्यखोलीची देखभाल, आज मंगळवारी दुपारी, जेवण झालेले असताना व डोके ठिकाणावर असताना, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. घाई आहे ती गुरुवारची. गुरुवारी सकाळी साडेसातला माझ्या हृदयातली एक झडप बदलणार आहेत. लहानपणच्या तापाने ती आखडून बसली आहे.

सर्जनबाईंना मी विचारले, "शंभरातले किती उठतात?"

"सत्त्याण्णव."

"आणि उरलेले तीन?"

"त्या तिघांची काळजी माझ्याकडे. तू फक्त उपाशीपोटी ये."

बाई चांगल्या आहेत, पण तीन हा आकडा काही लहान नाही. म्हणून हा कागद. याआधीच्या दोन प्रतींत खाडाखोड झाल्याने त्या फाडल्या आहेत. तुकडे सापडल्यास कोणी जोडत बसू नये.

कलम पहिले. बँकेतली शिल्लक, घड्याळ, सायकल व, पुढच्या कलमांतल्या वस्तू सोडून, घरातले जे काही माझे म्हणता येईल ते सर्व आईचे. ताईने यात वाटा मागू नये. ती मागणारही नाही. हे वाक्य दाजींसाठी आहे.

कलम दुसरे. दाजींना दहा मीटर नायलॉनची दोरी द्यावी. कारण असे, की त्यांचा पाय मुरगळला तेव्हा मी रुग्णालयातून वॉकर नेऊन दिला होता. पाय पंधरा दिवसांत बरा झाला. वॉकर सात महिने परत आला नाही. आणायला गेलो तर त्याच्यावर टॉवेल वाळत होते.

"वापरात आहे की, बघ!" दाजी म्हणाले.

त्या सात महिन्यांत एक आजीबाई वॉकरवाचून भिंत धरून चालत होत्या. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण ते ताईचे यजमान. दोरी नवी असावी.

कलम तिसरे. पान्यांचा संच, तेलाची बुधली व चाकांत हवा भरायचा पंप भोंग्याला. भोंगा म्हणजे रुग्णालयाच्या गाडीचा ड्रायव्हर; गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत येतो म्हणून हे नाव. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे मी वाचले आहे. हे ऐकून तो रुसला.

"पाने ठेव तुझ्यापाशी. मला सही करू दे."

"पाने घे रे बाबा. सही कोणीही करील."

कलम चौथे. शब्दकोश भाचीला. कोपरे दुमडू नयेत.

कलम पाचवे. हे मोठे आहे, आणि खरे तर याच्यासाठीच लिहायला बसलो.

आमचे रुग्णालय कोणा एकाच्या मालकीचे नाही, देणग्यांवर चालते. एक मोठी इमारत, आसपासच्या गावांत पाच लहान दवाखाने, आणि दर बुधवारी व शनिवारी घरोघर जाणारी गाडी. गाडीत घरभेटीच्या सिस्टर असतात. त्या रक्तदाब बघतात, जखमा धुतात, कोणती गोळी कधी घ्यायची ते पुन्हा पुन्हा न कंटाळता सांगतात. मागे मी असतो, चाकांच्या खुर्च्या, कुबड्या आणि डोक्याकडून उंच होणारे पलंग धरून. ज्याला घरी लागेल त्याला द्यायचे, गरज सरली की परत आणायचे. पैसे घ्यायचे नाहीत. खोलीतली एकही वस्तू माझी नाही, म्हणून ती मी कोणाच्या नावे करू शकत नाही. रीत मात्र करू शकतो.

परत आलेली वस्तू साबणाने धुवावी आणि दिवसभर उन्हात ठेवावी. मागच्या अंगणात खुर्च्या वाळत असतात तेव्हा वारा आला की चाके हळूच फिरतात. रिकामी खुर्ची हातभर पुढे सरकते आणि थांबते, जणू कोणी बसलेले आहे आणि त्याला कसलीच घाई नाही. हे बघायला पाच मिनिटे उभे राहावे. काम खोळंबत नाही.

दुसरे असे. वस्तू लावून झाली की घरातले कोणीतरी, बहुधा दाराशी, आवाज खाली आणून विचारते, "आधी कोण वापरत होतं हो?" यावर मी नऊ वर्षे एकच सांगत आलो: होते एक जण, बरे झाले.

खुर्च्यांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरे असते. पलंगांच्या बाबतीत पुष्कळदा नसते.

पहिल्यांदा नुसते 'बरे झाले' म्हणालो होतो. पण समोरचा माणूस तोंडाकडे बघतच राहिला, म्हणून पुढे जोडले, "आता कामावरही जातात." पलंग आधी ज्यांच्याकडे होता ते लिफ्ट चालवणारे काका तर वारले होते. पुढे बेकरीवाल्या मावशींना मी पुन्हा भट्टीपुढे उभे केले, मास्तरांना रोज सकाळी तळ्यापर्यंत चालवले. भोंगा गाडीत म्हणायचा, "तू सांगतोस तितके खरंच बरे झाले असते ना, तर आपल्या दोघांची नोकरी गेली असती."

मास्तरांनंतर पलंग शिंपीकाकांकडे गेला. पुढे मास्तरांची मुलगी कपडे शिवायला शिंपीणकाकूंकडे आली, आणि बोलता बोलता काकूंना खरे कळले. काका गेल्यावर मी पलंग आणायला गेलो.

"मास्तर फिरायला जातात म्हणाला होतास," काकू म्हणाल्या.

मी खाली बघून स्क्रू सोडवत राहिलो.

"पुढच्या घरी ह्यांच्याबद्दल काय सांगणार?"

"काही नाही सांगणार, काकू. चुकलं माझं."

"चुकलं काय त्यात? सांग, बरे झाले. मशीनवर बसतात म्हण. आणि काजं अजून हातानंच करतात, ते विसरू नकोस. कुठेतरी बसू देत त्यांना."

मागच्या आठवड्यात तपासणीसाठी मला गुंगीचे इंजेक्शन दिले. छताचा दिवा विरघळला आणि मी एका आळीत उभा होतो. ऊन धुतलेल्या चादरीसारखे पांढरे होते. एका दारातून पावाचा वास येत होता. मास्तर तळ्याकडून परत येत होते, बुटांना ओला चिखल. लिफ्ट एका अंगणातच होती. वर एकही मजला नव्हता, तरी काका माणसांना घेऊन वर जात होते आणि माणसे हसत खाली येत होती. सगळ्यांनी मला ओळखले. शिंपीकाका काजे करता करता, वर न बघता म्हणाले, "ये, तुझं माप घेतो." मी म्हटले, "गुरुवारनंतर." त्यांनी दोरा दाताने तोडला. मग सिस्टरांनी गालावर थोपटून जागे केले.

माझ्या मागे खोली भोंग्याकडे आली, तर त्याने या आळीतल्या कोणाला वगळू नये.

कलम सहावे. ऑपरेशननंतर दीड महिना मला डोके उंच ठेवून झोपायचे आहे. खोलीत एकच पलंग शिल्लक होता, नऊ नंबरचा. लिफ्टवाले काका, बेकरीवाल्या मावशी, मास्तर, शिंपीकाका, चौघेही त्याच्यावरच होते. त्याच्यावरून अजून कोणी उठलेले नाही. काल भोंग्याने आणि धुलाईघरातल्या काकांनी तो आमच्या घरी आणला. मला हात लावू दिला नाही. आईने गादीवरून हात फिरवला आणि विचारले, "आधी कोण होतं रे ह्याच्यावर?"

तोंडात वाक्य तयार होते. निघेना. मी आईला चौघांचेही खरे ते सांगितले. भोंगा खिडकीबाहेर बघू लागला.

आईने उशीला अभ्रा घातला. तो उलटा होता म्हणून काढला, पुन्हा घातला.

"नको असेल तर दुसऱ्या दवाखान्यात विचारू," मी म्हटले.

"पलंगाला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "तुझ्यानंतर कोणाकडे जायचाय हा?"

"नदीपलीकडच्या एका बाईंना हवाय. दीड महिन्यानं त्यांचं खुब्याचं ऑपरेशन आहे."

"मग त्यांना निरोप दे. म्हणावं, पलंगावर माझा मुलगा होता, बरा झाला, आणि पलंग घेऊन तो स्वतःच येतोय."

"आई, मी नाही आलो तर?"

"निरोप माझ्या नावानं दे. आणि आजवर मी कोणाला खोटं सांगितलेलं नाही, तेवढं ध्यानात ठेव."

निरोप आज सकाळी सिस्टरांनी फोनवरून पोचवला. त्या बाईंनी दिवस विचारला, आणि भोंग्याने माझ्या देखत फोन घेऊन दीड महिन्यानंतरचा पहिला शनिवार सांगून टाकला. त्यामुळे या कलमात कोणाला द्यायचे असे काही नाही. वरची पाच कलमे मी न उठल्यास लागू समजावीत. उठल्यास हा कागद फाडावा, आणि त्या शनिवारी सकाळी आठ वाजता गाडीत मागे, पलंगाशेजारी, एका माणसाची जागा मोकळी ठेवावी.

लिहिणाऱ्याची सही

हे आमच्यासमोर लिहून झाले, लिहिणारा पूर्ण शुद्धीत होता, आणि आम्हा दोघांना यातले काहीही मिळत नाही:
१. घरभेटीच्या सिस्टर (सही)
२. धुलाईघरातले काका (सही)

ठिकाण: साहित्यखोली, तळमजला
दिनांक: चौदा, मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे