मनोमिन आम्हीच काढलं

२६ ऑगस्ट १९७४

ती. रोझेलाताईस,
आपल्या भाषेतलं बूझू आणि स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जोलीनला शाळेसाठी तुझ्याकडे मिनियापोलिसला पाठव, हा हेका तू सोडत नाहीस. तुझी भावजय म्हणते, ताई आधी हे वाक्य लिहीत असतील आणि मग वर तारीख घालत असतील. पाठवू, पण सरोवरातला रानतांदूळ, आपलं मनोमिन, काढून झाल्यावर. पोरगी चौदाची झाली. जे धान्य खाऊन ती वाढली, ते पाण्यातून घरी कसं येतं हे तिच्या हातांना ठाऊक नसावं, हे मला चालणार नाही.

सध्या रोज तिला होडीत घेऊन जातो. मी मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो, ती पुढे बसून दाणे झाडते. पहिल्या दिवशी तिने मनोमिनची ताटं अशी बडवली, की कुणाचा सूड उगवतेय वाटावं. मी सांगितलं, लोंबी होडीवर वाकवायची आणि वरून काठी नुसती फिरवायची. पिकलेलं आपणहून पडतं. पडत नाही ते आज आपलं नाही. पाण्यात सांडलं त्याची हळहळ नको, ते पुढच्या वर्षाचं बी. सुरुवातीला पाण्याला चिमूटभर तंबाखू वाहून आपल्या भाषेत आभार मानायला शिकवलं, तर विचारते कशी, बाबा, सरोवराला इंग्रजी कळत नाही का? मी म्हटलं, कळत असेल, पण तुझ्या पणजीने त्याला ही सवय लावून ठेवलीय.

शनिवारी आम्ही लाँग रीड सरोवरावर जाणार. ते आपल्या जमातीच्या राखीव हद्दीबाहेर आहे, ठाऊक आहे. हद्द सरकारने मागून आखली. सरकारशी झालेल्या तहात जमीन गेली, तरी पाण्यातलं मनोमिन काढायचा हक्क आपल्या म्हाताऱ्यांनी राखून ठेवला होता.

रागावशील, म्हणून आत्ताच सांगून टाकलं. राग ओसरला की लोभ असू दे.

तुझा,
एव्हरेट


२९ ऑगस्ट १९७४

चि. एव्हरेट यास,
अ. उ. आ.

राग ओसरलेला नाही. तहाचं मला शिकवू नकोस. तुझ्या हद्दीत काय सरोवरं कमी पडली? लाँग रीडवर सरकारी वॉर्डन बसलेला असतो, आणि त्याचा परवाना नसेल तर तो होडीसुद्धा उचलून नेतो. तुला न्यायचं तर नेऊ दे. पोरीला कशाला सोबत ओढतोस?

तू धाकटा. पोरं उचलून न्यायला सरकारी शाळेची गाडी आली तेव्हा आईने तुला गवतात लपवलं, मला त्यांनी नेलं. त्या शाळेत आपल्या भाषेतला एक शब्द तोंडातून गेला म्हणून मला तळघरात कोंडलं होतं. तू बाबांकडून सगळं शिकलास, आणि मी पोळपाटासारखी सपाट होऊन बाहेर पडले. म्हणून सांगते, जिवंत राहायचं तर कधीकधी मान खाली घालावी लागते. जोलीनला ते शिकव. तेही शिक्षणच आहे.

आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या दोन बायका आजारी आहेत, त्यामुळे मला हलता येत नाही. नाहीतर येऊन तुझा कान धरला असता. माझं ऐक, एवढाच लोभ दाखव.

तुझी ताई,
रोझेला


३ सप्टेंबर १९७४

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आज हातात पडलं. शनिवार होऊन गेला.

वॉर्डन भेटला. होडी काठाला लावायच्या आधीच पाण्याकडेला उभा होता, परवाना मागत. मी म्हटलं, माझा परवाना तुझ्या सरकारच्या सहीचा आहे, तह म्हणतात त्याला. तो म्हणाला, मग होडी जप्त, आणि ती पोतीही दे इकडे. मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो आणि पाठीमागे काहीतरी सळसळलं. वळून पाहतो तर जोलीनने पोत्याचं तोंड सोडलेलं. सगळं मनोमिन पाण्यात ओततेय! दुसरंही पोतं ओतलं. वॉर्डन बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरला आणि ओरडला, हे काय चाललंय? ती म्हणाली, आम्हाला नेता येणार नसेल तर ते सरोवराचं. तुम्हाला हवं असेल तर वाका आणि वेचा.

ताई, हे मी शिकवलं नव्हतं. खरं म्हणजे शिकवलं होतं. तिने ते कुठवर नेलं हे मला तिथे कळलं.

होडी गेली. पुढच्या मंगळवारी कोर्टात बोलावलंय. मान खाली घालण्याबद्दल लिहितेस ते वाचलं. तुझ्यावर जे गेलं ते माझ्यावर गेलं नाही, म्हणून मी त्यावर बोलत नाही. पण जोलीनला ते शिकवणार नाही.

लोभात कमी-जास्त झालं तर सांभाळून घे.

एव्हरेट


६ सप्टेंबर १९७४

चि. एव्हरेट यास,
अ. आ.

इथल्या एका वकिलाला विचारलं. तो पोट धरून हसला. म्हणतो, मनोमिन सरोवरात गेलं म्हणजे पुरावाच सरोवरात गेला. तुमच्या भावाने फक्त गप्प बसावं, सुटेल. पोरीने नकळत तुला वाचवलंय. ऐकतोयस ना? फक्त गप्प बस. जन्मात एकदा.

जोलीनला माझे आशीर्वाद. थोडे रागाचे, बाकीचे कसले ते विचारू नकोस.

ताई


१० सप्टेंबर १९७४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा गप्प बसले नाहीत.

जजने वॉर्डनला विचारलं, जप्त केलेलं धान्य कुठे आहे? तो म्हणाला, सरोवरात. जज म्हणाला, ते आधी कुठे होतं? तेही सरोवरातच. लोक हसायला लागले. जज म्हणाला, मग काही काढलं होतं हे सिद्ध कसं होणार? खटला काढून टाकतो.

आई माझा हात दाबत होती. तेवढ्यात बाबा उभे राहिले. म्हणाले, साहेब, आम्ही काहीच काढलं नाही असं लिहू नका. मनोमिन आम्हीच काढलं. माझ्या मुलीने आणि मी. माझ्या बापानेही तिथूनच काढलं. आम्ही काढलं, तो आमचा हक्क आहे, आणि पुन्हा काढू, असं लिहा. जज म्हणाला, खाली बसा, नाहीतर मला तुम्हाला दोषी ठरवावं लागेल. बाबा म्हणाले, ठरवा, पण खोटं लिहू नका.

आठवडाभराचा तुरुंग. होडी परत नाही. नेताना बाबा मला म्हणाले, पीक थांबत नसतं.

आत्या, मला भीती वाटते आहे. तरी रविवारी मी लाँग रीडवर जाणार आहे. वर्गातल्या मैत्रिणीच्या आजोबांनी होडी देऊ केलीय. त्यांचं ऐकून आणखी काहीजण यायचं म्हणताहेत. आईचा पाठीचा त्रास वाढलाय, तिला येता येणार नाही. होडी ढकलायला कुणी मिळालं तर बरं होईल.

तुझी,
जोलीन


१५ सप्टेंबर १९७४

चि. एव्हरेट यास,
अ. उ. आ.

पत्ता बघून चक्रावशील. तुझ्याच घरातून लिहितेय. हॉस्पिटलात सांगितलं, भावाला पकडलंय, मी चालले. उरलेलं तुम्ही शिजवा.

आज लाँग रीडवर गेलो. काठी मी धरली. पहिल्या वळणालाच होडी ताटांत घुसवली, तर तुझी लेक म्हणते, आत्या, कुणाचा सूड घेतेस? बापासारखीच जीभ आहे. मग तिने माझ्या तळहातावर तंबाखू ठेवली आणि म्हणाली, माझ्यामागून म्हण. एव्हरेट, ती एकेक शब्द सांगत होती आणि मी म्हणत होते. मोठ्याने. लोक ऐकत होते तरी मोठ्याने. दोनदा चुकले, तिने दोनदा सुधारलं.

कुसळांनी मान सोलून निघालीय, हात उचलत नाहीत. अंगणात मनोमिन पसरून ठेवलंय. भावजयीने कढई घासून काढलीय, उद्या भाजायला घेऊ.

वॉर्डन आला होता. पण होड्या इतक्या होत्या, की एका गाडीत त्या मावणार कशा, हे त्याचं त्यालाच कळेना. मग वही काढून काठावर नावं लिहून घ्यायला लागला. काहीजण थोडे मागे सरले. मी होडी सरळ त्याच्यासमोर नेली. बाबांनी ठेवलेलं आपल्या भाषेतलं नाव आधी सांगितलं, मग शाळेने ठेवलेलं. पहिलं त्याला लिहिता येईना, म्हणून अक्षरं एकेक करून सांगितली. नीट लिहून होईपर्यंत जागची हलले नाही.

तुझी ताई,
ओगिमाक्वे (रोझेला)