ओट्यावरची बाकडी

मी, ताईबाई ज्ञानू अहिवळे, वय वर्षे बहात्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार बोरजाईवाडी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणू पाहणाऱ्याचे काय होते, ते माझ्या मुलाला चांगले माहीत आहे.

कलम १. माझे पती ज्ञानू अहिवळे एकाहत्तरच्या लढाईत जखमी झाले. डाव्या गुडघ्यात छर्रे शिरले आणि तो पाय कायमचा ताठ राहिला. फौजेतून आल्यावर ते माजी सैनिकांच्या जागेवर तलाठी झाले आणि या गावी आले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, पुढे मीसुद्धा. त्यांचे पदक नात पिंकी हिला द्यावे. तिने ते कपाटात कोंडून ठेवू नये. त्यांची काठी मुलगी अंजली हिला. पीकपाहणी चावडीत बसूनही लिहिता येते हे त्यांना ठाऊक होते, तरी ते हीच काठी टेकत प्रत्येक बांधावर जात. अंजली बारामतीला शिक्षिका आहे. काठी मुलांवर उगारण्यासाठी नाही.

कलम २. बँकेतील ठेव आणि माझे दागिने अंजली व मुलगा रविंद्र यांनी निम्मेनिम्मे घ्यावेत. शेजारच्या द्वारकाबाईंचे पातेले माझ्याकडे आहे, ते परत करावे. माझा खलबत्ता त्यांच्याकडे आहे, तो आधी मागून घ्यावा.

कलम ३. राहते घर रविंद्रच्या नावे करते. मात्र घरापुढचा ओटा आणि त्यावरची चार बाकडी हलवायची नाहीत. ओटा पाडून तिथे दुकानाचे गाळे काढायचा त्याचा बेत आहे. "आई, त्या बाकड्यांचं धड सरपणही व्हायचं नाही," असे तो मला म्हणाला. ती बाकडी कुठून आली हे त्याला कोणी नीट सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहिते. वकील म्हणाले, मृत्युपत्रात हकिगत नको. मृत्युपत्र माझे आहे.

तेव्हा चावडीत सगळे सतरंजीवर बसत. आमच्या वस्तीवरच्या बाया दाराबाहेर उभ्या राहत. भाऊसाहेबांना मांडी घालता येत नव्हती, म्हणून त्यांनी खुर्ची मागवली. द्वारकाबाईंचे मालक जोतीराव घाडगे, गावातले मोठे बागायतदार, सगळ्यांदेखत म्हणाले, "आमी हितं खाली आन् तुमी वर? ते न्हाय जमायचं, भाऊसाहेब."

खुर्ची परत गेली. भाऊसाहेबांनी वाद घातला नाही. खिडकीच्या फळीवर दप्तर ठेवून ते उभ्यानेच काम करू लागले. संध्याकाळी पाय सुजायचा. मी शेकत बसायची आणि जोतीरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ते म्हणायचे, "अगं, त्याचं बी बरोबर हाय. एकटाच वर बसलो तर ती खुर्ची मलाच टोचंल."

मग त्यांनी पदरमोड करून सुताराकडून खुर्चीच्या उंचीची चार बाकडी करून घेतली. ती चावडीत मांडली, सतरंजी गुंडाळली, आणि पहिली हाक मारली ती दाराबाहेरच्या सारजाला.

"सारजाबाई, आत या. बसा."

"मी? हितं?"

"व्हय. आता कुणी खाली न्हाय आन् कुणी वर न्हाय."

ती कडेला जेमतेम टेकली. मग खुर्ची परत आली आणि भाऊसाहेब बसले. लढाईत त्यांनी काय केले ते मी पाहिले नाही. हे पाहिले. इतका धीट माणूस मला दुसरा भेटला नाही.

जोतीराव मात्र कधी बसले नाहीत. भाऊसाहेब निवृत्त होईपर्यंत त्यांनी सातबारा उभ्यानेच नेला. नंतर बाकडी आणि खुर्ची आमच्या ओट्यावर आली. अजूनही कागद घेऊन येणारे आणि एसटीची वाट पाहणारे तिथेच बसतात. हे मोडले तर भाऊसाहेब दुसऱ्यांदा गेले असे मी समजेन.

कलम ४. भाऊसाहेबांची खुर्ची जोतीराव घाडगे यांना.

भाऊसाहेबांच्या अंत्यविधीलाही हा गृहस्थ ओट्याखाली उभाच होता. यंदा त्यांचे दोन्ही गुडघे गेले. एका सकाळी काठी टेकत आले, बाकड्याला हात लावला आणि म्हणाले, "वैनी, बसू का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आले. म्हटले, "बसा की. इचारताय काय?"

बसले, पण बाकड्यावरून उठता येईना. खुर्चीला हात आहेत, म्हणून ती दिली. आता रोज येतात. सारजाशी तंबाखूवरून भांडतात.

खुर्ची त्यांची, पण घरी न्यायची नाही. ओट्यावरच येऊन बसायचे. त्यांच्या माघारी गावात ज्याचे गुडघे जातील, त्याची ती. रविंद्रला ओटा पाडायचा असेल तर आधी जोतीरावांना उठवावे लागेल. ते कसे उठत नाहीत हे मला माहीत आहे.

जोतीरावांना या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने सही करू नये. सही किंवा खुर्ची, दोन्हींतले एकच.

"सही कुणी बी करंल," जोतीराव म्हणाले. "मी बसतो."

ठिकाण : आमच्या घराचा ओटा, बोरजाईवाडी
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार : ताईबाई ज्ञानू अहिवळे (सही)

साक्षीदार :
१. सारजा बाबू लोंढे (सही, अंगठा देणार नाही म्हणाली)
२. स्वरूपा सिद्धू लोंढे, सारजाची सून (सही)