फूटरेस्टवरचा बूट

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी कर्वेनगरात गाडीतलं पेट्रोल संपलं. पहिल्याच तासाला सातवीला ‘बल’ शिकवायचं, आणि मी गाडी ढकलत घामाघूम. मागून स्कूटरवरून एक कॉलेजातली मुलगी आली. “काकू, बसा गाडीवर,” म्हणाली, आणि माझ्या मागच्या फूटरेस्टला पाय लावला. पांढरा बूट, चिखलाने माखलेला. गाडी हलेना.

“काकू, ब्रेक सोडता का? मी ढकलतेय आणि तुम्ही अडवताय!”

विज्ञानाची शिक्षिका मी! भीतीने दोन्ही ब्रेक घट्ट धरले होते. सोडले, आणि निघालो की. रिक्षा, खड्डे, बस... तो बूट जरासुद्धा सटकला नाही. काय तोल पोरीचा! एका पायावर दोन गाड्या चालवत होती.

पंपाच्या अलीकडे तिने पाय काढला, तरी माझी गाडी आपसूक आत गेली. जडत्व इतकी वर्षं शिकवलं, आज त्याच्यावर बसून पोचले.

थँक यू म्हणायला वळले, तर ती यू-टर्न घेऊन परत निघालेली. म्हणजे तिचं वळण केव्हाच मागे राहिलं होतं.

बल दाखवायला फळ्यावर बाण काढतात. आज मी बाणाच्या जागी बूट रेखाटला. चिखलासकट.